उशीखाली घड्याळ, पेटीखाली मी

मित्रांनो, मी एक जुना फोमचा तुकडा आहे. हसू नका. नाणे, नदी, वडाचे झाड अशा बड्या मंडळींची आत्मवृत्ते तुम्ही शाळेत लिहिली असतील. फोमने तोंड उघडलेले तुम्ही कधी ऐकले नसेल, कारण आवाज बंद ठेवणे हाच आमचा धंदा आहे. माझ्या अंगावर निळ्या फुलांची खोळ आहे आणि तिची शिवण अजून कुठेही उसवलेली नाही. माझ्या चारही कोपऱ्यांना मात्र खोल खड्डे पडले आहेत. हे खड्डे कशाचे आणि ही खोळ कुणी शिवली, एवढेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म कारखान्यातला. दोन पातळ रसायने एकत्र ओतली की ती उकळत्या दुधासारखी वर येतात आणि उतू जायच्या आत तिथेच घट्ट होतात. तसा मी झालो. मग आमचा लांबलचक ठोकळा कापून त्याचे काप काढले, वर कापड चढवले, आणि मी गादी झालो. हो, पूर्वी मी अख्खी गादी होतो. आज मांडीवर मावण्याएवढा उरलो आहे.

मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने घरी आणले. तिचा नवरा नुकताच वारला होता आणि पदरात लहान मुलगी होती. मुलीचे खरे नाव काहीही असो, आई तिला चिमी म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. घर इमारतीच्या वरच्या मजल्यावर होते आणि जमीन लाकडी फळ्यांची होती. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी शिवणयंत्र, मधल्या खोलीत पलंग आणि त्यावर मी, आणि टोकाला एक चिमुकली खोली. आई पलंगाच्या कडेला झोपायची आणि चिमीला भिंतीकडची बाजू द्यायची, म्हणजे पोर खाली पडायला नको. चिमीने मला कितीदा ओले केले ते मी सांगणार नाही. आता ती मोठी झाली आहे, तिचा मान राखायला हवा.

चिमी शाळेत असताना तिथे मुलांचा बँड निघाला. प्रत्येकाला पुढे उभे राहून पातळ तारांची गिटार वाजवायची होती. चार जाड तारांची बास गिटार कुणालाच नको होती, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. ती चिमीच्या गळ्यात पडली. गिटार आणि चिमी यांच्यात उंच कोण, असा प्रश्न पडावा अशी ती दिसायची. पण पोरगी हट्टी. पुढे नोकरी लागल्यावर तिने स्वतःची बास गिटार घेतली, जड स्पीकरची पेटी घेतली आणि दोन्ही टोकाच्या खोलीत मांडली. तोवर चिमीने आपले अंथरूणही तिकडेच नेले होते. मधल्या खोलीत आई आणि मी दोघेच उरलो.

बासचा आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त कळतो. चिमीने टोकाच्या खोलीत जाड तार छेडली की थरथर पेटीतून फळ्यांत उतरायची, फळ्यांतून पलंगाच्या पायांत चढायची आणि माझ्यापर्यंत यायची. मला ती आवडायची. माझ्याहून जास्त ती आणखी एका व्यक्तीला आवडायची, आणि हे घरात फक्त मला माहीत होते.

आईचे कान जाऊ लागले होते.

मला हे आधी कळले, कारण घड्याळ. तिच्याकडे गजराचे एक जुने घड्याळ होते. पूर्वी ते टेबलावर असायचे आणि वाजले की ती हात लांबवून त्याच्या डोक्यावर चापट मारायची. मग एके सकाळी ते वाजत राहिले आणि ती झोपून राहिली. त्यानंतर ते उशीखाली आले. गजर झाला की ते उशीखाली फडफडायचे, मी हलायचो, आणि ती उठायची. माणसांचे बोलणे ओठांवरून ओळखायला ती हळूहळू शिकली. गिऱ्हाईक बोलायला लागले की हातातले काम ठेवून त्याच्या तोंडाकडे नीट बघायची. बायकांना वाटायचे, काय आस्थेने ऐकते ही. चिमीने दुसऱ्या खोलीतून हाका मारल्या आणि उत्तर गेले नाही, तर शिवणयंत्र होतेच मदतीला.

"आई, कधीची हाका मारतेय मी."

"अगं, मशीनच्या आवाजात काय ऐकू येणार?"

मशीन बिचारे तेव्हा बंद असले तरी हा आळ मुकाट्याने अंगावर घ्यायचे.

दुपारी ती घटकाभर आडवी व्हायची. चिमीची सुट्टी असली आणि टोकाच्या खोलीत सराव चालू असला, की आई कुशीवर वळायची आणि तळहात माझ्यावर पालथा ठेवायची. कधी उठून बाहेर मशीनवर बसायची, चपला काढायची आणि दोन्ही पाय फळ्यांवर टेकवायची. टाके घालायचा हात मधेच थांबायचा. लेक काय वाजवते आहे हे तिला तळव्यांतून समजायचे. चिमी चुकली की तिच्या भुवया वर जायच्या, आणि तोच भाग पुन्हा नीट वाजला की ती मान हलवून दोरा तोडायची. लेकीच्या आवाजातला तिच्या वाट्याला उरलेला भाग तेवढाच होता.

मग खालच्या मजल्यावरचे काका वर आले. हे काका घड्याळे दुरुस्त करायचे. दुकान बंद करून घरीच टेबल मांडले होते. भला माणूस, दारातच अवघडून उभा राहिला.

"चिमे, वाजवतेस छान. पण माझे स्क्रू नाचतात गं. तिळाएवढे स्क्रू. चिमट्यात धरतो आणि तुझी ती जाड तार वाजली की गेला टेबलाखाली. काल चष्मा लावून गुडघ्यांवर रांगत होतो."

चिमीला हसू आले आणि लाजही वाटली. त्या दिवसापासून तिने घरात हळू आवाजात वाजवायचे ठरवले. हे वाटते तितके सोपे नाही. बासचा आवाज नुसता बारीक केला की त्यातला जीव जातो. पुठ्ठ्याचा डबा बोटाने वाजवावा तसे काहीतरी ऐकू येते. वैतागून तिने एकदा गिटार पलंगावर टाकली, माझ्याच अंगावर. पण म्हटले ना, हट्टी. मग ती शोधायला लागली. नखे अगदी तळापर्यंत कापली. बोटाच्या टोकाऐवजी बोटाचा मऊ भाग तारेला लावून पाहिला, हात गिटारच्या गळ्याकडे सरकवला, तेव्हा आवाज हळू राहूनही गोल झाला. रात्रपाळीहून परतलेल्या माणसासारखी, पाऊल न वाजवता, ती प्रत्येक सूर घरात आणायला शिकली. कधी पेटी बंदच ठेवायची आणि हनुवटी गिटारच्या लाकडावर टेकवून वाजवायची. बँडमधल्या मैत्रिणीला एकदा फोनवर सांगत होती, "अगं, कान लागतच नाहीत. हाडातून ऐकू येतं. करून बघ." हे ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली होती, मित्रांनो. मला ते वाक्य अजून आठवते.

एवढे करूनही खालच्या काकांचे स्क्रू अधूनमधून नाचायचेच, कारण पेटी फळ्यांवर टेकलेली होती. कुणीतरी चिमीला सांगितले, पेटीखाली जाड फोम घाल. त्याच सुमारास तिने आईसाठी नवी गादी आणली होती आणि मी दाराआड उभा होतो, भंगारात जायच्या तयारीत.

"आई, या जुन्या गादीतला एवढा तुकडा कापून देशील?" तिने हातांनी माप दाखवले.

आईने खडूने खूण केली आणि कात्री घेतली. तुमच्या घरात कुणी शिवणकाम करत असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, कापडाची कात्री दुसऱ्या कशालाही लावत नाहीत, धार जाते. चिमीने लहानपणी त्या कात्रीने कागद कापला होता तेव्हा आईने धपाटा घातला होता. त्याच कात्रीने तिने मला कापले. जोर लावून, हात बदलत, कडा सरळ ठेवून. एक बारीक पट्टी उरली, ती चिमीने तारांखाली ब्रिजपाशी, म्हणजे त्या जिथे अडकवलेल्या असतात तिथे, खोचली. तो माझा धाकटा भाऊ. त्याच्यामुळे तारांचा आवाज जुन्या काळच्या वाद्यासारखा ठसठशीत आणि मऊ झाला. माझ्यासाठी आईने उरलेल्या कापडातून ही निळ्या फुलांची खोळ शिवली.

"कशाला हवाय?" तिने विचारले.

"पेटीखाली घालायला. आता बघ, कुणाला काही त्रास होणार नाही."

चिमीने पेटी उचलून माझ्यावर ठेवली. चार पाय माझ्या चार कोपऱ्यांत रुतले. तिने तार छेडली. थरथर पेटीतून खाली आली आणि माझ्यात येऊन विरली. माझ्याखालच्या फळीला काहीच कळले नाही. चिमी धावत खाली गेली, काकांना विचारून आली आणि माझ्या खोळीवर थोपटून म्हणाली, "शाब्बास रे पठ्ठ्या." आयुष्यात मला मिळालेली ही एकच शाबासकी. ज्या थरथरीची मी पलंगावर वाट पाहायचो तीच अडवण्याचे काम मला मिळाले होते, आणि मी ते चोख करत होतो. फोमला दुसरे काही करताच येत नाही.

टोकाच्या खोलीच्या दारातून मला बाहेरची खोली दिसायची. त्या दुपारी आई मशीनवर बसली, तिने चपला काढल्या आणि पाय टेकवले. चिमी वाजवत होती, इतके दिवस कष्ट करून कमावलेला तो गोल आवाज खोली भरून होता. आई थांबली. तिने पाय थोडे पुढे सरकवले. मग एक पाय उचलून दुसऱ्या फळीवर ठेवला. मग वाकून तळहात जमिनीला लावला. बराच वेळ ती तशी वाकलेली होती. शेवटी उठून ती दारापाशी आली, चिमीची चालणारी बोटे पाहिली, पेटीखाली मला पाहिले, आणि तिला उलगडले. ती परत जाऊन चपला घालून शिवायला बसली.

ती बोलली का नाही, असे तुम्ही विचाराल. चिमीला त्या वेळी समुद्रावरच्या मोठ्या बोटीवर वाजवायचे काम मिळण्याची आशा होती. बोट महिनोन्‌महिने परत येत नाही. आईचे कान गेले आहेत हे कळले असते, तर चिमी गेली नसती. आईला हे पक्के माहीत होते. एकदा आरशासमोर ती स्वतःशीच पुटपुटली होती, "पोरगी अडकून पडेल." पलंगावर असताना मी ते ऐकले होते.

काही दिवसांनी एका संध्याकाळी आई खाली गेली आणि वर आली ती थेट टोकाच्या खोलीत. चेहरा उजळलेला होता. काहीतरी सांगायचे होते तिला. पण चिमीच आधी उठली.

"आई, बरी आलीस. ये, बस. हेडफोन घातलेस ना, की खरा आवाज कळेल. किती मेहनत घेतलीय मी यावर."

तिने आईला खुर्चीवर बसवले, हेडफोन कानांवर चढवले, डोळे मिटले आणि एक अख्खे गाणे वाजवले. इतके सुंदर तिने घरात कधी वाजवले नव्हते. बोटे तारांवर जेमतेम टेकत होती. आई एकटक बघत होती, बोटांकडे, मिटलेल्या डोळ्यांकडे, लेकीच्या कपाळावरच्या घामाकडे. गाणे संपले.

"किती छान गं," आई म्हणाली. "किती गोड वाजवतेस."

चिमीने डोळे उघडले आणि तिची नजर पेटीवर गेली. तांबडा दिवा लागलेला नव्हता. घाईघाईत तिने पेटीचे बटणच चालू केले नव्हते. हेडफोनमधून काही म्हणजे काही आले नव्हते.

चिमीचा चेहरा पडला. ती पेटीकडे वळली आणि पाठमोरी राहूनच बोलली, "बटणच चालू नव्हतं, आई. काही वाजलंच नाही. आवडत नाही तर नाही म्हण, पण असं खोटं कौतुक कशाला?"

पाठ वळलेली असली की ओठ दिसत नाहीत. आई हसतच बसली होती. चिमी वळली तेव्हा तिला ते हसू दिसले, आणि ते तिच्या जिव्हारी लागले. मित्रांनो, आईचे ते कौतुक खोटे नव्हते. तिने जे पाहिले ते तिला खरोखर छान वाटले होते. मी ओरडून सांगितले असते, पण माझ्यात आलेला आवाज बाहेर पडत नाही.

आईने सांगायला तोंड उघडले, तोवर चिमीने हेडफोन स्वतःच्या कानांवर घातले होते. आई सांगायला आणलेली गोष्ट तशीच घेऊन परत गेली. त्यानंतर चिमीने आईला पुन्हा कधी ऐकायला बोलावले नाही.

बोटीचे काम मिळाले. चिमी गिटार घेऊन गेली, पेटी मागे राहिली आणि पेटीखाली मी. निघताना आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि "जेवणाची हेळसांड करू नको" एवढेच म्हणाली. चिमी फोन करायची तेव्हा आई एकटीच बोलत सुटायची. कपड्यांचे, हवेचे, खालच्या काकांचे, सगळे एका दमात सांगून फोन ठेवायची, कारण चिमीचा आवाज तिला कळत नव्हता आणि थांबले तर उत्तर द्यावे लागले असते. चिमीला काय वाटले असेल? माझे काही ऐकायला हिला वेळच नाही, असेच वाटले असेल.

संध्याकाळी आई टोकाच्या खोलीत यायची. पेटीवरची धूळ पुसायची. मग बटण दाबायची आणि तांबडा दिवा लागला आहे ना, हे वाकून नीट बघायची. गिटार नसली तरी चालू पेटी बारीक घरघरते. आई तिच्यावर तळहात ठेवून बसायची, अंधार पडेपर्यंत.

आणि मग एके सकाळी गजर वाजायला लागला तो थांबेचना. खालपर्यंत ऐकू जात होता. चावी संपेपर्यंत वाजला. काका जिना चढून आले, दार ठोठावले, शेजाऱ्यांना जमवून दार उघडले. आई झोपेतच गेली होती. घड्याळ उशीखाली होते.

चिमीला पोचायला उशीर झाला. सगळे आटोपल्यावर ती घर आवरत होती तेव्हा काका वर आले. त्यांच्या हातात ते घड्याळ होते.

"हे माझ्याकडे राहिलं होतं. तुझं आहे, ठेव."

चिमीने चावी दिली. घड्याळ तिच्या हातात असे काही फडफडले की ती दचकली. "एवढं जोरात?"

"मीच करून दिलं तसं. ती म्हणाली, घंटा राहू द्या, थरथर वाढवा. उशीखाली ठेवायची ना."

"उशीखाली कशाला?"

"ऐकू येत नव्हतं तिला, चिमे. कधीपासून. तुला माहीत नव्हतं?"

चिमी खाली बसली. काका चाचरत पुढे बोलले, कारण आता थांबणेही बरे दिसले नसते. "माझ्याकडे आली होती एकदा. म्हणाली, संध्याकाळी तासभर तुमचे स्क्रू झाकून ठेवाल का? पोरीला मोठ्यानं वाजवू दे. मला पायांना कळतं, दुसरं काही कळत नाही. मी म्हटलं, अहो त्यात काय. तेव्हापासून रोज डबीवर झाकण ठेवून बसायचो. पण वरून काहीच यायचं नाही. मला वाटलं, तू घरात वाजवणं सोडलंस."

चिमी उठली, पेटी कलती केली आणि मला खालून ओढून काढले. पेटी उघड्या फळ्यांवर बसली. बोटीवरून परत आणलेल्या गिटारची वायर पेटीला जोडली, बटण दाबले, दिवा लागलेला पाहिला आणि गिटार काकांच्या हातात दिली.

"काका, ही सगळ्यात जाड तार. मी सांगितलं की ओढा."

मला काखेत धरून ती बाहेरच्या खोलीत गेली. आईच्या मशीनपुढच्या स्टुलावर बसली. मला मांडीवर घेतले. चपला काढल्या, दोन्ही पाय टेकवले आणि कानांवर हात घट्ट दाबून धरले.

"ओढा," ती म्हणाली.

काकांच्या बोटांना घड्याळांची सवय, त्यांनी तार भीतभीत ओढली. वेडावाकडा, बेसूर आवाज निघाला. पण थरथर फळ्यांतून धावत आली आणि चिमीच्या तळव्यांत शिरली. मला तिच्या अंगातून कळली, पूर्वी आईच्या तळहातातून कळायची तशीच. चिमीने खाली वाकून माझ्या खोळीत तोंड खुपसले.

"अजून ओढा," ती म्हणत राहिली. "काका, थांबू नका."

खाली टेबलावर त्यांचे स्क्रू सांडले असतील. काका थांबले नाहीत.

आता मला कुणी कशाखाली घालत नाही. मी आईच्या स्टुलावर असतो. चिमी संध्याकाळी तासभर वाजवते, पेटी फळ्यांवर ठेवून, आणि त्या वेळी काका खाली डबीवर झाकण ठेवतात. बाकी वेळ ती हळूच वाजवते आणि तोही आवाज सुरेख असतो. पण वाजवताना तिचे लक्ष बाहेरच्या खोलीकडे असते. तिथे माझ्याशिवाय कुणी नसते.

मित्रांनो, शेजाऱ्यांसाठी आवाज जरूर कमी करा. माझ्यासारखा तुकडा मिळाला तर तोही वापरा, आम्ही आमचे काम इमानाने करतो. फक्त आम्हाला खाली सरकवण्याआधी एकदा उठून घरभर चक्कर मारून या. कुणी चपला काढून बसलेले नाही ना, तेवढे बघा. आणि घरातल्या माणसाशी बोलायचे असेल तर त्याच्याकडे तोंड करून बोला.